यंत्राच्या वतीने सही

एग्मोर हे नाव मुंबईकराला माहीत असतं ते रेल्वेच्या पाटीवरून. चेन्नईतला तमिळ माणूस त्याला एळुंबूर म्हणतो. तिथल्या महानगर दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात ५ नोव्हेंबर २००४ रोजी एका खटल्याचा निकाल लागला. फिर्यादी चेन्नईतली, आरोपी मुंबईत सापडलेला, आणि गुन्ह्याची जागा नेमकी कुठली म्हणायची हाच प्रश्न. कारण गुन्हा घडला होता याहूच्या एका संदेश-गटात.

हकिकत साधी आणि ओंगळ आहे. एका स्त्रीच्या घरी येणं-जाणं असलेला परिचित. तिच्याशी लग्न करावं असं त्याच्या मनात होतं. तिने दुसऱ्याशी लग्न केलं, पुढे ते मोडलं, आणि हा पुन्हा मागे लागला. तिने नकार दिला. मग त्याने तिच्या नावाने खोटं ई-मेल खातं उघडलं आणि तिच्याविषयी अश्लील मजकूर पसरवला. तो वाचून तिला अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले. फेब्रुवारीत तिने तक्रार केली, काही दिवसांतच पोलिसांनी त्याला मुंबईत गाठलं, मार्चअखेरीस आरोपपत्र दाखल झालं आणि नोव्हेंबरात शिक्षा. आपल्या कोर्टकचेऱ्यांचा वेग ठाऊक असलेला माणूस हे महिने बोटांवर पुन्हा मोजून पाहील. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७व्या कलमाखाली देशात झालेली ही पहिली शिक्षा मानतात. त्या कलमाखाली दोन वर्षांची सक्तमजुरी आणि ४,००० रुपये दंड, शिवाय दंड संहितेच्या दोन कलमांखालच्या शिक्षा, सगळ्या एकदमच भोगायच्या.

मला या खटल्यातली शिक्षा तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. मला रस आहे तो बचाव पक्षाच्या युक्तिवादात. त्यांचं म्हणणं असं की हा मजकूर आरोपीने लिहिलाच नाही. तो बाईच्या आधीच्या नवऱ्याने लिहिला असेल, किंवा आरोपीला अडकवायला तिने स्वतःच लिहिला असेल. ऐकताना संताप येतो, पण क्षणभर वकिलाच्या जागी उभं राहून पाहा. कोर्टापुढे आहे काय? छापलेले कागद. त्यावर कोणाचं हस्ताक्षर नाही, खाडाखोड नाही, अंगठा नाही. खाली नाव आहे ते तर पीडित बाईचंच. पत्र असतं तर हस्ताक्षरतज्ज्ञाला बोलावता आलं असतं. इथे अक्षर यंत्राचं, आणि यंत्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून शपथ घालता येत नाही.

ही अडचण कायदा करणाऱ्यांच्या आधीच लक्षात आली होती. १८७२च्या पुरावा कायद्यात २००० साली ‘६५ ब’ हे कलम घातलं गेलं. त्याचा मथितार्थ असा : संगणकातून निघालेली नक्कल पुरावा म्हणून द्यायची असेल तर सोबत एक दाखला हवा. हा मजकूर कोणत्या यंत्रातून, कशा रीतीने निघाला, यंत्र तेव्हा नीट चालत होतं का, हे एका जबाबदार माणसाने लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. एग्मोरच्या खटल्यात असा दाखला ना. विजयशंकर यांनी दिला. सायबर कायद्याच्या वर्तुळात त्यांना ‘नावी’ म्हणून ओळखतात. भारतातल्या कोर्टापुढे आलेला हा अशा प्रकारचा पहिला दाखला, असं सांगितलं जातं. मुंबईतून मजकूर टाकला गेला तो सायबर कॅफेतून. तेव्हा कॅफेचालकांच्याही साक्षी झाल्या. थोडक्यात, यंत्राने गुन्हा लपवला, यंत्रानेच तो उघड केला, पण कोर्टाने विश्वास ठेवला तो पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांवर.

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला आहे. पुढे विज्ञान खोडून संगणक आला, मग मोबाइल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप, शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’. दहापैकी सात गुण. मला तो प्रश्नच फसवा वाटतो. त्या बाईला छळणारं आणि तिला न्याय मिळवून देणारं यंत्र एकच होतं, एकाच तारेवर चालणारं. शाप आणि वरदान असे दोन ढीग त्यात लागत नाहीत. विचारायचा प्रश्न कारकुनी वाटेल इतका साधा आहे : यंत्राने जे सांगितलं, त्याच्याखाली सही कोणाची?

सही नसली की काय होतं ते पाहायला चेन्नईहून जालन्याला यावं लागेल.

२०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचा एक आक्षेप असा, की २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत उमेदवारी अर्ज देण्याची मुदत होती आणि खोतकरांचा अर्ज मुदतीत, नीट स्वरूपात सादर झालाच नव्हता. आता वेळेचा वाद कसा मिटवायचा? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात व्हिडिओ कॅमेरा सुरू होता. म्हणजे साक्षात घड्याळच साक्षीदार! पण कोर्टात आलेली सीडी ही नक्कल होती, आणि नकलेला ‘६५ ब’चा दाखला हवा. गोरंट्याल यांनी तो मागितला, पुन्हा मागितला. अधिकाऱ्यांनी दिला नाही. चित्रण होतं, अधिकारीही होते, नव्हती ती फक्त सही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली. निवडणूक अधिकाऱ्याने साक्षीत तोंडी जे सांगितलं, तेच दाखल्याच्या जागी धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या तीन सदस्यीय पीठाने निकाल दिला : मूळ यंत्रच कोर्टात आणलं असेल तर गोष्ट वेगळी, नक्कल असेल तर दाखला लागणारच, तोंडी साक्षीने भागणार नाही. मात्र ज्याच्या हातात यंत्र आहे तोच दाखला नाकारत असेल, तर मागणाऱ्याचा त्यात काय दोष? अशा वेळी कोर्टाने तो अधिकाऱ्याकडून मागवावा. निवडणूक रद्दच राहिली, कारण इतर पुरावा पुरेसा होता. अर्थात निकाल लागला तोवर त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती आणि पुढची निवडणूक गोरंट्याल जिंकलेही होते. आज देशभरातल्या कनिष्ठ न्यायालयांत मोबाइलमधलं संभाषण किंवा सीसीटीव्हीचं चित्रण पुरावा म्हणून येतं तेव्हा वकील ‘अर्जुन खोतकर’ असं एका दमात म्हणतात. जालन्याच्या बाहेर त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, की हे एका हाडामांसाच्या उमेदवाराचं नाव आहे?

१ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. ६५ ब गेलं, ६३ आलं, आणि एका सहीच्या दोन झाल्या : एक पुरावा आणणाऱ्याची, दुसरी तज्ज्ञाची. शिवाय दाखल्यात त्या फाइलचं ‘हॅश’ मूल्य लिहायचं. ही कल्पना समजून घेण्याजोगी आहे. कोणतीही फाइल, मग ते छायाचित्र असो वा गाणं, आतून आकड्यांची लांबलचक माळ असते. ही माळ एका ठरावीक गणिती घाण्यातून काढली की दुसऱ्या टोकाला एक ठरावीक लांबीचा आकडा पडतो. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत तो साधारणपणे ६४ चिन्हांत लिहितात. महाभारत घातलं तरी ६४, चारोळी घातली तरी ६४. महाभारतातला एक स्वल्पविराम हलवा, आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. म्हणून जप्तीच्या दिवशीचा आकडा आणि सुनावणीच्या दिवशीचा आकडा जुळला तर मधल्या काळात कोणी हात लावलेला नाही असं मानता येतं. याहून जास्त काही नाही. दूध आधीच पाणी घातलेलं असेल तर सीलबंद पिशवीतही ते पाणी घातलेलंच राहतं. त्या आकड्यापुढे दोन माणसांच्या सह्या लागतात त्या यासाठी.

कोर्टाची पायरी आपण क्वचित चढतो. रेशनच्या दुकानाची गोष्ट निराळी. तमिळनाडूत रेशन सर्वांसाठी आहे. दारिद्र्यरेषेच्या वर-खाली अशी चाळणी त्या राज्याने लावली नाही. २०१७पासून तिथे जुन्या शिधापत्रिकेच्या जागी स्मार्ट कार्ड आलं. दुकानातल्या पॉस मशीनवर कार्ड दाखवायचं, माल घ्यायचा, की कुटुंबाच्या मोबाइलवर संदेश येतो : अमुक किलो तांदूळ, तमुक किलो साखर. हा छोटासा संदेश मला संगणकाच्या मोठमोठ्या पराक्रमांपेक्षा थोर वाटतो. तुमच्या नावावर परस्पर माल उचलून तो बाजारात नेण्याचा धंदा देशभर पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता ज्याच्या नावावर माल उचलला, त्यालाच त्या क्षणी खबर लागते. दुकानदाराचं पुस्तक पूर्वी दुकानदार आणि फार तर निरीक्षक वाचायचा. आता कार्डधारक वाचतो.

ऑक्टोबर २०२०मध्ये त्याच मशीनला बोटाचा ठसा जोडला गेला. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेसाठी ते आवश्यक होतं, आणि स्थलांतरित मजुराला परराज्यात धान्य मिळावं हा हेतू चांगलाच. पण बोट हे कार्डासारखं नसतं. ज्याने आयुष्यभर विटा उचलल्या, मासे साफ केले, सिमेंट कालवलं, त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. म्हणजे ज्याला रेशनची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच बोट सगळ्यात वाईट. आधी शेजारीण जाता-जाता आजीचं कार्ड घेऊन जाऊ शकत होती. ठसा आल्यावर बोट आजीला स्वतः दुकानापर्यंत न्यावं लागू लागलं.

हा ठसा ज्या आधारशी जुळवतात, त्याचा देशातला पहिला क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. आठ वर्षांनी, २६ सप्टेंबर २०१८ला, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कल्याणकारी योजनांसाठी आधार वैध ठरवलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांचं निकालपत्र मात्र विरोधात होतं. यंत्राच्या जुळण्या-न जुळण्याच्या शक्यतेवर माणसाचे हक्क टांगता येणार नाहीत, असा त्यातला एक प्रमुख मुद्दा. मी कायद्याचा जाणकार नाही, पण हा मुद्दा मला आईने शिकवला. एका बँकेत तिच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. अंगठा लागेना. पुसून, मलम लावून, दहाही बोटं झाली. पडद्यावर एकच उत्तर : जुळत नाही. आई समोर खुर्चीत बसलेली, काउंटरवरच्या मुलीला ‘अगं, जेवलीस का’ विचारणारी, आणि यंत्राच्या मते ती आहे याला पुरावा नाही. अखेर एका वयस्क अधिकाऱ्याने खणातून जुना छापील फॉर्म काढला, आईकडे पाहिलं आणि सही केली. त्या खणात तो फॉर्म नसता तर काय, हा विचार मला अजून अधूनमधून अस्वस्थ करतो.

आता बोटांवरून डोळ्यांकडे. चेन्नईच्या नुंगम्बाक्कम भागात शंकर नेत्रालय आहे. डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८मध्ये स्थापन केलेलं. गूगलच्या संशोधकांनी २०१६मध्ये मधुमेहाने होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली जाहीर केली. त्यासाठी भारतातल्या ज्या तीन नेत्ररुग्णालयांतली छायाचित्रं वापरली, त्यांत हे एक. दुसरं मदुराईचं अरविंद, तिसरं बंगळुरूचं नारायण नेत्रालय. अमेरिकेतली धरून एकूण १,२८,१७५ छायाचित्रं. हा आजार चोरपावलांनी येतो. दिसणं कमी झालं म्हणून रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा पडद्याची बरीच हानी झालेली असते, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. पण डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो वेळेवर काढला तर रक्ताचे बारीक ठिपके आधीच दिसतात. मधुमेही कोट्यवधी, पडदातज्ज्ञ मूठभर. इथे यंत्र कामाला येतं यावर दुमत व्हायचं कारण नाही.

आता त्या यंत्राला शिकवलं कोणी? ५४ नेत्रतज्ज्ञांनी. प्रत्येक फोटो तीन ते सात जणांना दाखवला, कारण एकाच फोटोवर दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. मग बहुमताने जे ठरलं, ते यंत्रासाठी सत्य. म्हणजे ‘संगणक म्हणतो’ असं आपण म्हणतो तेव्हा आत कुठेतरी चोपन्न माणसं हात वर करून उभी असतात. पुढे शंकर नेत्रालय आणि अरविंद इथल्या सुमारे ३,००० रुग्णांवर तपासून पाहिलं, तेव्हा प्रणाली माणसांच्या तोडीस तोड उतरली. पण थायलंडमधल्या ग्रामीण दवाखान्यांत ती नेली तेव्हा निराळाच घोटाळा झाला. खोलीत पुरेसा अंधार नाही, नर्सची घाई, इंटरनेट मंद. पाचातला एक फोटो यंत्राने ‘नीट नाही’ म्हणून परत केला. माणसाने त्यातले काही पाहून निर्णय दिला असता. यंत्राने रुग्णाला दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं, आणि त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली. यंत्र चुकलं का? नाही. त्याने आपल्या शिस्तीप्रमाणेच केलं. तरी त्या दिवसाची भरपाई मागायची कोणाकडे?

डोळ्यांवरून चेहऱ्याकडे येऊ. २४ जून २०१६च्या सकाळी नुंगम्बाक्कम रेल्वे स्थानकावर एका तरुण इंजिनिअर मुलीचा सर्वांदेखत खून झाला. फलाटावर लोक होते, कॅमेरा एकही नव्हता. पोलिसांना जवळपासच्या इमारतीतल्या कॅमेऱ्यातल्या अस्पष्ट चित्रणावरून माग काढावा लागला. शहर हादरलं. पुढच्या काही वर्षांत चेन्नई पोलिसांनी ‘मून्ड्रावदु कण’, म्हणजे तिसरा डोळा, या नावाने मोहीम चालवली. दुकानदार, सोसायट्या, देवळं, सगळ्यांना कॅमेरे बसवायला लावले. इतके बसले, की एका व्हीपीएन विकणाऱ्या कंपनीने जगातल्या शहरांची तुलना केली तेव्हा चौरस किलोमीटरमागे ६५७ कॅमेरे घेऊन चेन्नई पहिली आली. (अशा कंपनीचा धंदा लोकांच्या धास्तीवर चालतो, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचावा.) मंगळसूत्र चोरांना त्या डोळ्यांचा धाक बसला, यात खोटं नाही.

पण पाहणं आणि ओळखणं यांत फरक आहे. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर दिवाळीच्या आधी जो गेला आहे, त्याला गर्दी म्हणजे काय ते कोणी सांगायला नको; दादरचा रानडे रोड तिथे विरळ वाटेल. त्या भागात २०१७च्या सुमारास पोलिसांनी चेहरा ओळखणारं ॲप वापरायला सुरुवात केली, आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी राज्यभराच्या पोलिसांसाठी अशी प्रणाली सुरू केली. आता एक साधा हिशेब मांडू. समजा, त्या रस्त्यावर दिवसभरात एक लाख चेहरे आले. त्यांत पोलिसांना हवे असलेले दहा. यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर. ऐकायला उत्तम! ते दहाच्या दहा सापडतील असं धरू. पण उरलेल्या ९९,९९० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे हजार माणसांवरही ते बोट ठेवेल. एक हजार दहा माणसं बाजूला घेतली, त्यांत खरे दहा. यंत्र नव्याण्णव टक्के बरोबर असूनही, अडवलेला माणूस शंभरात नव्याण्णव वेळा चुकीचा. हे गणित हवालदाराला माहीत असेल तर तो ‘जरा थांबा साहेब’ म्हणून शांतपणे खात्री करून घेईल. नसेल तर यंत्राने दाखवलं एवढंच त्याला पुरेल. आणि अडवलेल्या माणसाने विचारलं की कोणी म्हटलं मी तो? तर उत्तर देणारा कोण?

मे २०२४मध्ये याच पोलिसी प्रणालीच्या संकेतस्थळात चोर शिरले आणि तिथली माहिती विकायला निघाल्याच्या बातम्या आल्या. एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला होता, असं प्राथमिक तपासात निघालं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही.

तमिळनाडू सरकारला हे प्रश्न सुचलेच नव्हते असं नाही. सप्टेंबर २०२०मध्ये त्या राज्याने ‘सुरक्षित आणि नैतिक कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण’ जाहीर केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यात ‘टॅम-डेफ’ आणि ‘डीप-मॅक्स’ अशा दोन आद्याक्षरी चौकटी आहेत. नावं ऐकून खोकल्याचं औषध आठवतं, पण आतले प्रश्न खरे आहेत : पारदर्शकता आहे का, तपासणी होते का, जबाबदारी कोणाची, गैरवापर कसा रोखणार, भेदभाव होतो का. आपल्याकडे अशी विचारपूस पूर्वीही झाली होती. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यावरून कर्मचारी संघटनांनी रान उठवलं तेव्हा केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. १९७२मध्ये अहवाल आला. तेव्हाचा प्रश्न होता, यंत्राने कारकुनाची खुर्ची गेली तर? अर्धशतकानंतर खुर्चीचा प्रश्न आहेच, पण त्या खुर्चीत बसणारा कारकून आणखी एक काम करत होता हे तेव्हा फारसं कोणाच्या ध्यानात आलं नसावं. तो कागदावर सही करत होता, आणि चूक झाली तर त्याला बोलावता येत होतं.

इथवर मी सहीची बाजू मांडत आलो. आता तिची उलटी बाजू.

९ मे २०१८ रोजी चेन्नईतली एक पासष्ट वर्षांची बाई नातेवाइकांबरोबर तिरुवण्णामलई जिल्ह्यात कुलदैवताला निघाली होती. वाटेत थांबून तिने लहान मुलांना चॉकलेट दिलं. गावात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावाने तिला ठार मारलं. दोन महिनेही झाले नाहीत तोच, १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तेच. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली गेली. मारणारे पकडता आले. पण अफवेचा पहिला संदेश कोणाचा?

याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात याचिका आल्या : समाजमाध्यमांवरची खाती आधारशी जोडा, म्हणजे प्रत्येक मजकुराखाली माणूस सापडेल. कोर्टाने आधारचा मुद्दा बाजूला ठेवला आणि संदेशाचा मूळ कर्ता शोधता येतो का हे विचारात घेतलं. मद्रास आयआयटीचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी २०१९मध्ये उपाय सुचवला : प्रत्येक संदेशासोबत मूळ पाठवणाऱ्याची खूण चिकटवावी, हवं तर ती कुलूपबंद ठेवावी आणि कोर्टाच्या आदेशानेच उघडावी. मुंबई आयआयटीचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्याला लेखी विरोध केला. खूण बनावट करता येते. सराईत गुन्हेगार ती टाळणारच. आणि अडकेल तो साधाभोळा माणूस, ज्याने दुसरीकडून मिळालेला मजकूर आपल्या हाताने चिकटवून पुढे धाडला. दोन आयआयटी, दोन प्राध्यापक, एकाच गणितावरून दोन उत्तरं. मला मुंबईकरांचं पटतं. एग्मोरच्या कोर्टात सही होती ती एका माणसाने, विचार करून, एका कागदापुरती केलेली. इथे मागणी होती की तुमच्या-माझ्या प्रत्येक वाक्याखाली यंत्राने, आपल्याला न विचारता, सही ठोकत जावी. पहिली सही जबाबदारी घेते. दुसरी पाळत ठेवते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं. दरम्यान २५ फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना ‘पहिला कर्ता’ शोधून देणं बंधनकारक केलं; व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. खरं तर कंपनीने त्याआधीच, जुलै २०१८मध्ये, भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली होती. कोणाचंही नाव न विचारता अफवेचा वेग कमी करण्याचा तो उपाय होता. २०२०मध्ये, फार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणल्यावर, असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचा आहे, पण दिशा मला बरोबर वाटते.

त्या नियमांत एक पोटकलम आहे. संदेश परदेशातून आला असेल, तर भारतात ज्याने तो पहिल्यांदा पाठवला, त्यालाच मूळ कर्ता मानायचं. आता २०१८मध्ये देशभर फिरलेली ती सर्वांत कुप्रसिद्ध चित्रफीत आठवा : मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणारं मूल उचलून पळ काढतात. ती कराचीतली. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेची ती जाहिरात होती. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात : मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. भारतात आलेल्या फितीत तो फलक नव्हता. कोणीतरी शेवटचे काही सेकंद कापून टाकले होते.